नवा किडा : आधीं छायाचित्र, मग औषध

सह्याद्रीच्या सदाहरित रानास लागून ज्यांच्या सुपारीच्या वा आंब्याच्या बागा आहेत, त्यांस पावसाळ्यांत एखादा कधीं न पाहिलेला किडा दिसणें ही नवलाची गोष्ट नाहीं. नवल हें कीं, तो कोण व काय खातो याची विचारपूस होण्यापूर्वींच त्याच्यावर पायताण तरी पडतें, नाहीं तर पंप तरी चालतो. ही रीत आम्हांस घातक वाटते. सांप्रत घरोघरीं मोबाइल झाला आहे. तेव्हां अनोळखी किड्याचें आधीं छायाचित्र घ्यावें, ओळख पटवावी आणि मगच औषधाचा विचार करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रात्रीं दिव्यावर येणारा ऍटलस पतंग पाहून पुष्कळ लोक घाबरतात. त्याच्या पंखांचा पसारा वीतभर, आणि पंखांचीं टोकें सर्पाच्या तोंडासारखीं! परंतु या पतंगास खाण्याजोगें तोंडच नसतें. अळीपणीं सांठविलेल्या पुंजीवर तो थोडे दिवस जगतो आणि मरतो. त्यास मारून पिकाचें कोणतें रक्षण होणार?

उलटपक्षीं, खऱ्या शत्रूची ओळख लवकर पटणें फार मोलाचें असतें. मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील लष्करी अळी २०१८ सालीं कर्नाटकांत मक्यावर प्रथम आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत शिरली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची खूण असते, आणि शेपटीजवळच्या वलयावर चौकोनांत मांडलेले चार काळे ठिपके असतात. या दोन भागांचीं स्वच्छ छायाचित्रें मिळालीं तर जाणता मनुष्य बसल्या जागीं तिला ओळखतो. पाठीचें एकच अंधुक चित्र मात्र व्यर्थ होय.

यास्तव छायाचित्र वरून, बाजूनें व समोरून असें तिन्ही अंगांनीं घ्यावें, व आकार कळावा म्हणून शेजारीं एखादें नाणें ठेवावें. पानें शिवून घरटें करणाऱ्या तांबड्या मुंग्यांजवळ त्यांच्याच रूपाचा एक कोळी वावरतो. वरून पाहतां तो मुंगीच भासतो; बाजूच्या चित्रांत मात्र आठ पाय मोजतां येतात आणि सोंग उघडें पडतें.

किड्याबरोबर झाडही चित्रांत यावें. जर्मनींत जन्मलेली मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती १६९९ सालीं दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम येथें गेली. तेथील कीटकांवरील तिचा ग्रंथ १७०५ सालीं प्रसिद्ध झाला. अळी, कोष, पतंग आणि अळीचें खाद्य असलेलें झाड हीं सर्व एकाच चित्रांत दाखविण्याची तिची पद्धत होती. तीन शतकें लोटलीं तरी तिच्याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं. गटनंबर नसलेला अर्ज जसा कचेरींत निरुपयोगी, तसेंच गांव, तारीख व झाडाचें नांव न लिहिलेलें छायाचित्र निरुपयोगी समजावें.

कोणी म्हणतील, मोबाइलच किड्याचें नांव सांगतो, मग इतकी यातायात कशास? तें नांव अंदाज म्हणून घ्यावें, निवाडा म्हणून नव्हे. पुष्कळ लहान भुंगेरे व पतंग यांची जात शरीराचे आंतले भाग सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून ठरत नाहीं. अशा वेळीं नमुना कृषिविद्यापीठाकडे अथवा बंगळूर येथील राष्ट्रीय कृषि कीटक संसाधन ब्यूरोकडे पाठविणें हाच मार्ग आहे.

आमची सूचना इतकीच कीं, संघाच्या प्रत्येक शाखेनें एक नोंदवही ठेवावी व सभासदांनीं पाहिलेल्या अनोळखी किड्यांचीं छायाचित्रें तींत तपशिलासह लावावीं. जाणत्यांकडून नांव आलें कीं तेंही तेथेंच लिहावें. यास खर्च थोडा. परंतु पुढें असाच किडा शेजाऱ्याच्या बागेंत दिसला तर त्याचें औषध वांचेल किंवा पीक तरी वांचेल. वाचकांनीं या पावसाळ्यापासूनच आरंभ करावा, अशी आमची विनंति आहे.