जोडीने जा, पण सातपुड्यात!

आपल्या खान्देशात नवं जोडपं जोडीने निघतं ते आधी कुलदैवताला, तेही दहा पाहुण्यांसोबत! नंतर काही जण उधार-उसनवार करून कूर्ग गाठतात. कशासाठी? तर डोंगर आणि कॉफीचे मळे. अहो, यावल-रावेरहून दिसणारा आपला सातपुडाच पुढे अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला पोचतो. उंची सुमारे ११०० मीटर, थंड हवा, गाविलगडचा किल्ला. आणि कॉफी तर तिथे इंग्रजांच्या काळापासून! भुसावळहून रेल्वेने अकोला, पुढे परतवाड्यामार्गे घाट. दोघांना मोकळेपणी बोलायला एवढा एकांत बस्स झाला. संसाराची सुरुवात कर्जाच्या हप्त्यांनी कशाला? माझं तरी ठरलंय. फक्त बायको मिळायची बाकी आहे!