ईसीजीचा कागद घरी आणा

गेल्या जयंतीला वस्तीत आरोग्य शिबिर झाले. बावीस वर्षांच्या एका मुलाच्या ईसीजीवर मशीनने वरच्या कोपऱ्यात ‘अॅबनॉर्मल’ असे छापले आणि त्याची आई तिथेच रडायला लागली. मुलगा गोदामात पोती वाहतो. धाप लागत नाही, छातीत दुखत नाही. डॉक्टरांनी कागद नीट पाहिला. पीआर अंतर थोडे लांब होते, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात विजेचा संदेश पोचायला जरा उशीर होत होता. बाकी सगळे ठीक. त्यांनी विचारले, “जुना ईसीजी आहे का?” दोन वर्षांपूर्वी नोकरीच्या तपासणीत काढला होता, पण तो कागद मालकाने ठेवून घेतला.

आम्ही वॉर्डात असताना हा प्रश्न रोज ऐकायचो, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असायचे.

जुन्या कागदाचे मोल कॅनडातल्या एका अभ्यासाने दाखवले आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हवाई दलातल्या धडधाकट तरुणांच्या ईसीजीत काही बारीकसारीक वेगळेपण दिसत होते. त्याचा अर्थ कोणालाच सांगता येईना. म्हणून डॉ. मॅथ्यूसन यांनी १९४८ साली मॅनिटोबात ३,९८३ जणांची नोंद सुरू केली. तीच माणसे, ठरावीक काळाने पुन्हा ईसीजी, असे कित्येक दशके. (बाई एकही नाही, हेही लक्षात असू द्या.) पीआर अंतर थोडे लांब असलेल्या निरोगी पुरुषांना तीस वर्षे पाहिले, तर त्यामुळे त्यांचे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. हे १९८६ मध्ये छापून आले. एकाच कागदावरून हे कधीच कळले नसते.

ईसीजी वयाबरोबर बदलतोच. तरुण, सडपातळ, कष्टाच्या मुलाच्या लाटा उंच असतात, नाडी संथ असते, श्वासाबरोबर ती कमीजास्त होते. पुढे लाटांची उंची उतरते, विजेच्या प्रवाहाची दिशा हळूहळू डावीकडे झुकते. म्हणून चाळिशीत छातीत दुखले, तर विशीतला कागद डॉक्टरांना सांगतो की हा बदल आजचा आहे की पहिल्यापासूनचा.

वैमानिकांचे कागद जपले गेले. आमच्या हमालांचे, सफाई कामगारांचे कागद कोण जपणार? मालकाच्या फायलीवर आमचा भरवसा नाही. रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा २००२ चा नियम आहे. मागा. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनीही ईसीजी रजिस्टरला टाचून ठेवू नये, ज्याचा त्याला द्यावा.

हा कागद उष्णतेने उमटतो, म्हणून काही वर्षांत पुसट होतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, सगळा काळा पडेल. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, त्यावर नाव, वय, तारीख लिहा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

मात्र काम करताना चक्कर येऊन पडणे, छातीत दाब येणे, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर जुना कागद शोधत बसू नका. आधीचा ईसीजी चांगला होता म्हणूनही थांबू नका. थेट दवाखाना गाठा.

त्या मुलाच्या आईने झेरॉक्स काढून आणली. एक प्रत आमच्याकडेही ठेवा म्हणाली, पावसात घर गळते.