भिंती उंच केल्या, रस्ता कोण राखणार?

शहरातले गुन्हे थांबवायचे तर आवाराच्या भिंती उंच करा, फाटकावर पहारेकरी वाढवा, फेरीवाले हटवा, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे बसवा, हा उपदेश सोसायट्यांच्या सभांतून हल्ली सतत ऐकू येतो. उपदेशकांचे शहर पार्किंगपासून लिफ्टपर्यंत संपते. पायी चालणारा माणूस त्यांच्या हिशेबातच नाही.

भिंतीचेच घ्या. ती चोराला अडवते असे धरून चालू. पण रात्रपाळी संपवून त्याच भिंतीच्या कडेने घरी निघालेल्या नर्सचे काय? एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उभ्या गाड्या. तिने हाक मारली तर आतल्या शेकडो खिडक्यांपैकी एकीलाही ती दिसणार नाही. त्या वळणावर पानवाला होता, इस्त्रीचे टेबल होते, भुर्जीची गाडी रात्री उशिरापर्यंत पेटलेली असे. अतिक्रमण म्हणून सगळे उठवले आणि रस्ता ओस पडला. दुकानदार, रहिवासी, येणारेजाणारे यांची सहज नजरच पदपथ सुरक्षित ठेवते, हे अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी न्यूयॉर्कमध्ये राहून १९६१ साली पुस्तकभर मांडले. मुंबईत २०१३ साली शक्ती मिलमध्ये जो सामूहिक बलात्कार झाला तो कुठल्या रानात नव्हे, महालक्ष्मी स्थानकाजवळ, भिंतीआडच्या पडीक आवारात घडला. स्कायवॉक आले तेव्हाही आम्ही हेच विचारत होतो, की दुकानांपासून तोडून माणसांना वरून का चालवता? तेव्हा आम्हाला विकासविरोधी ठरवले गेले. आज रात्रीच्या वेळी त्यांतल्या कित्येकांवरून एकटी बाई जायला धजत नाही.

कॅमेरा घडलेले दाखवतो, मदतीला धावत नाही.

गरीब वस्ती म्हणजे गुन्हे, हेही खोटे. अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या प्रुइट-आयगो या गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीत ११ मजली ३३ इमारती होत्या. १९७२ पासून त्या पाडाव्या लागल्या. वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांना तिथे दिसले की दोन कुटुंबांच्या सामायिक जागा नीटनेटक्या होत्या, तर वीस कुटुंबांच्या कॉरिडॉरची दुर्दशा झाली होती. माणसे तीच, रचना वेगळी.

म्हणून आमची मागणी अशी: रस्त्याकडे भिंतीऐवजी आरपार दिसणारी जाळी, तळमजल्यावर दुकाने, पदपथावर माणसाच्या उंचीला पोचणारा उजेड, रात्रीही उघडी स्वच्छतागृहे, आणि बसथांब्याजवळ फेरीवाल्यांना हक्काची जागा. पुनर्विकासाचे नकाशे मंजूर करतानाच या अटी घाला. इमारत उभी राहिल्यावर त्या कोणी मानणार नाही.