बुरशीच्या हाती कार्बनची तिजोरी

उत्तर गोलार्धातील सूचिपर्णी जंगलांचे मोल आजवर उभ्या झाडांवरून ठरविले गेले; मोठा ठेवा मात्र जमिनीखाली आहे. स्वीडनमधील सरोवरांतल्या बेटांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तेथील मातीत साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के कार्बन मुळे व त्यांच्याशी निगडित बुरशी आदी सूक्ष्मजीवांतून आलेला आहे.

मुळांवरील बुरशी झाडाला नायट्रोजन पुरविते व मोबदल्यात शर्करा घेते. तिचे मृत तंतू थंड जमिनीत सावकाश कुजतात. दलदलीत पाणी प्राणवायू रोखते, त्यामुळे कुजविणारी बुरशी निष्प्रभ राहते आणि अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, म्हणजे 'पीट'चे, थर साचतात. दलदल उपसली की हजारो वर्षांचा हा साठा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाऊ लागतो.

म्हणूनच तोडलेल्या जंगलाच्या जागी रोपे लावली, म्हणजे हिशेब मिटला असे नव्हे. धोरणकर्त्यांना मोजपट्टी मातीपर्यंत न्यावी लागेल.