खिशातला नकाशा आणि रानातली वाट

पूर्वी अनोळखी रान तुडवावयाचे तर वाटाड्या सोबत घ्यावा लागे. हल्ली तो मोबाइलच्या रूपाने खिशातच येऊन बसला आहे. पडद्यावरील निळा ठिपका आपल्याबरोबर चालतो व आपण कोठे आहोत हे क्षणोक्षणी सांगतो. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने ज्या महान मोजणीस प्रारंभ केला, तिच्यातील मोठे कोनमापक यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. आज तळहाताएवढे यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश टिपून आपले ठिकाण काही मीटरांच्या फरकाने दाखविते. विज्ञानाची ही देणगी थोर आहे, यात शंका नाही.

परंतु ठिकाण कळले म्हणजे वाट कळली, असे मात्र नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही काही विद्यार्थी बेळगावहून चंदगड तालुक्यातील पारगडाच्या बाजूस गेलो होतो. मोबाइलमध्ये वाटेची रेघ होती. म्हणून कोणास विचारण्याची गरज आम्हांस भासली नाही. रानाच्या तोंडाशी गुरे राखणारे एक आजोबा भेटले. ते म्हणाले, "पोरांनो, ही वाट शिमग्यानंतरची. आता वढ्याला पाणी हाय. वरल्या अंगानं जावा." पुढे वरून पाहिले, तो आमची रेघ जेथून जात होती तेथे ओढा फेसाळत होता!

रेघ खोटी नव्हती. कोणीतरी उन्हाळ्यात तेथून चालून गेला होता आणि त्याच्या पावलांची ती नोंद होती. नकाशाने वाट सांगितली, ऋतू सांगितला नाही. शिवाय उंच कड्यांमधील घळईत उपग्रहांचे संदेश अडतात किंवा कड्यांवर आदळून येतात. मग ठिपका भलतीकडे सरकतो. बॅटरी संपली की तोही मावळतो. अशा वेळी, सारा दिवस पडद्याकडे पाहत चाललेल्या मुलास परतीची एकही खूण आठवत नाही.

म्हणून हे यंत्र घरी ठेवावे काय? मुळीच नाही. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंज नसतानाही ठिपका दिसतो. कोणी जखमी झाल्यास, जेथे रेंज मिळेल तेथून अचूक ठिकाण कळविता येते. त्याने प्राणही वाचू शकतो.

माझे म्हणणे इतकेच की, नकाशाला सोबती करावे, धनी करू नये. आदल्या रात्री कागदी नकाशावरील समोच्च रेषा वाचाव्या. प्रत्येक फाट्यावर क्षणभर थांबून मागे वळून पाहावे. कारण परतताना तीच वाट निराळी दिसते. आणि शेवटच्या वाडीत एखाद्या वडीलधाऱ्यास नम्रपणे वाट विचारावी. ज्याने त्या रानात साठ पावसाळे पाहिले, त्याच्याजवळचा नकाशा अजून कोणत्याही यंत्रात उतरलेला नाही.