दहावीचा 'श्वसना'चा धडा आणि ऊसतोडीचा हंगाम: बीडच्या शाळांमध्ये वेळापत्रक कुठे चुकतं?

पेट्रोल पंपावर ५ लिटर पेट्रोल भरलं, तर त्यातलं जवळपास १ लिटर आता इथेनॉल असतं. २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. मायलेज कमी होतं का, जुन्या गाडीचं इंजिन खराब होतं का, यावर सोशल मीडियावर भरपूर वाद झाले. हे इथेनॉल तयार कोण करतं, याचं उत्तर मात्र दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. यीस्ट नावाचा सूक्ष्मजीव उसाच्या मळीचं किण्वन करतो आणि त्यातून इथेनॉल मिळतं.

हा भाग वर्गात शिकवला जातो तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांमधली बरीच मुलं वर्गात नसतात. ती उसाच्या फडात किंवा कारखान्याजवळच्या कोपीत असतात. मळीचा वास येईल इतक्या अंतरावर.

धड्यात नेमकं काय आहे?

बालभारतीचं दहावीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' हे पुस्तक २०१८ पासून शिकवलं जातं. त्यातल्या दुसऱ्या धड्यात पेशीस्तरावरचं श्वसन येतं. पेशीत ग्लुकोजचे तुकडे होतात आणि ऊर्जा 'एटीपी' या रेणूच्या रूपात साठवली जाते. पहिली पायरी म्हणजे ग्लायकोलायसिस. तिला ऑक्सिजन लागत नाही आणि तिच्यातून फक्त २ एटीपी हाती लागतात. पुढे दोन वाटा फुटतात. ऑक्सिजन असेल, तर उरलेलं काम तंतुकणिकेत, क्रेब चक्रातून आणि इलेक्ट्रॉन वहन साखळीतून पूर्ण होतं. शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं आणि पुस्तकाच्या हिशोबाने एकूण ३८ एटीपी मिळतात. हे ऑक्सिश्वसन. ऑक्सिजन नसेल, तर यीस्ट इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करून थांबतं. आपले स्नायू लॅक्टिक आम्ल तयार करतात. एटीपी तेवढेच, २. हे विनॉक्सिश्वसन.

रसवंतीवर हा फरक पटकन समजतो. रसवंतीवाला ऊस चरकातून एकदाच काढत नाही. दुमडून पुन्हा घालतो, तिसऱ्यांदा घालतो, चिपाड कोरडं पडेपर्यंत. ऑक्सिश्वसन तसं आहे. विनॉक्सिश्वसन म्हणजे एकदाच पिळून चिपाड टाकून देणं. त्या चिपाडात रस शिल्लक राहतो. इथेनॉलमध्ये ऊर्जा शिल्लक असते ती अशी: यीस्टला ती काढता आली नाही, म्हणून ती गाडीच्या इंजिनात जळते. १ टन सी-हेवी मळीतून, म्हणजे साखर पूर्ण काढून घेतल्यावर उरलेल्या मळीतून, साधारण २२५ लिटर इथेनॉल निघतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. त्या काळात साखर कारखानदारीत जी धावपळ झाली, ती या एकाच अभिक्रियेच्या कच्च्या मालावरून होती.

पाठांतरात काय निसटतं?

परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न येतो. दोन रकाने, चार मुद्दे, गुण मिळतात. पण श्वास घेणं आणि पेशीतलं श्वसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेक मुलांच्या लक्षात येत नाही. झाडं फक्त रात्री श्वसन करतात, हा गैरसमज तर मोठ्यांमध्येही आहे. झाडं चोवीस तास श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे ते झाकलं जातं, एवढंच.

पेवात साठवलेली ज्वारीसुद्धा जिवंत असते, श्वसन करत असते. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये जमिनीखाली धान्याची पेवं होती. बंद पेवातलं धान्य हळूहळू आतला ऑक्सिजन वापरतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. कीड मरते, धान्य टिकतं. आणि पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूसही मरू शकतो. म्हणून जुनी माणसं पेव आधी उघडं ठेवत, दिवा खाली सोडून बघत आणि मगच उतरत. (गल्लोगल्ली क्लासेसचं 'पेव फुटतं', तेही याच शब्दातून, पण ते असो.)

पेवं आता जवळपास गेली. सेप्टिक टँक आणि गोबर गॅसचे खड्डे आहेत. तिथे ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू तयार करतात. मे २०२३ मध्ये परळीला लागून असलेल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनांमध्ये पहिला खाली पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, हे पुन्हा पुन्हा घडतं. ज्या विद्यार्थ्याला विनॉक्सिश्वसन नीट कळलंय, तो निदान दुसऱ्याचा हात धरू शकतो. दोन रकान्यांचा तक्ता पाठ करून ते होत नाही.

ऊसतोड मजुराच्या अंगात काय होतं?

कोयता म्हणजे इथे हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. एक कोयता दिवसभर ऊस तोडतो. या कामात स्नायूंना ऊर्जा मुख्यतः ऑक्सिश्वसनातून मिळते. पण डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना थोड्या वेळात खूप जोर लागतो. तेवढा ऑक्सिजन स्नायूपर्यंत पोहोचत नाही. मग ग्लायकोलायसिसवर भागवावं लागतं आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. वर पोहोचल्यावर धाप लागते ती याच कारणाने.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते लॅक्टिक आम्लाने, असं वर्गातही सांगितलं जातं. ते बरोबर नाही. काम थांबल्यावर लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचं असतं. शिवाय लॅक्टेट म्हणजे नुसता कचरा नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉर्ज ब्रूक्स यांनी ही मांडणी १९८० च्या दशकात केली.

आई-वडिलांना आज पट्टा पडला की उद्या उठवत का नाही, हे ज्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना हा भाग शिकवणं खरं तर सर्वांत सोपं असायला हवं.

मग अडतं कुठे?

अडतं ते वेळापत्रकात. २०२५-२६ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. दसरा-दिवाळीच्या आसपास शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, केज, वडवणी या भागांतून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. दहावीची परीक्षा मात्र हल्ली फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते.

पुस्तकाच्या क्रमाने गेलं, तर श्वसनाचा दुसरा धडा पावसाळ्यात होतो. मुलं तेव्हा गावात असतात. यीस्ट, मळी आणि बायोगॅस असलेला सातवा धडा, 'ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची', साधारण दिवाळीनंतर येतो. म्हणजे अभिक्रिया आधी कोरडी शिकवायची आणि ती कशाला उपयोगी, हे मुलं गेल्यावर सांगायचं.

मागे राहिलेल्यांसाठी सोयी आहेत, पण दहावीपर्यंत त्या पुरत नाहीत. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. गावातली हंगामी वसतिगृहंही मुख्यतः त्याच वयोगटासाठी चालतात. नववी-दहावीची मुलं, त्यातही मुली, तिथेच गळतात. कारण फडावर धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि भाकरी टाकायला कुणीतरी हवं असतं. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत संत भगवानबाबा यांच्या नावाने ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. हेतू नेमका हीच गळती रोखण्याचा होता. पण त्यासाठी इमारती, कर्मचारी आणि निधी हंगामाच्या आधी जागेवर असावे लागतात.

वसतिगृह बांधणं शिक्षकाच्या हातात नाही. धड्यांचा क्रम आहे. दुसरा आणि सातवा धडा सप्टेंबरपर्यंत जोडून शिकवता येतात. प्रयोगालाही फारसा खर्च नाही. गुळाच्या कोमट पाण्यात बेकरीचं यीस्ट टाकून बाटलीच्या तोंडाला फुगा लावला की तासाभरात तो फुगू लागतो. तोच वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला, तर निवळी दुधाळ होते. मोड आलेल्या मटकीच्या बंद डब्यात पेटती काडी धरली की ती विझते. पेवात दिवा का सोडत, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पुस्तक बदलण्याची वेळही जवळ येतेय. राज्यात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आहे. दहावीपर्यंत तो येईल, तेव्हा ३८ एटीपीचा जुना आकडा दुरुस्त करावा लागेल. आता तो ३० ते ३२ धरतात. किण्वन आणि विनॉक्सिश्वसन हे सूक्ष्मजीवशास्त्रात एकच मानत नाहीत, हेही सांगावं लागेल. यीस्टचं काम ते किण्वन. हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात, ते खरं विनॉक्सिश्वसन. तोवर बीडमधल्या शिक्षकांकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने आहेत, पूर्ण पट असलेले.