नेट बंद झालं की जालन्यात काय काय थांबतं

रेशीमकिड्याचा कोष फार थांबत नाही. दहा-बारा दिवसांत आतला पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि मग त्यातून सलग धागा निघत नाही. त्यामुळे कोष उतरवला की शेतकऱ्याची घाई सुरू होते. पूर्वी मराठवाड्यातला माल थेट कर्नाटकात, रामनगरला जायचा. २०१८ मध्ये जालना बाजार समितीत राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. आज रामनगरचा भाव काय आणि जालन्याचा काय, हे गाडी भरण्याआधी फोनवर बघितलं जातं. फोन मुका झाला, तर कोष मात्र वाट बघत नाही.

जालन्याचं बरंचसं काम असंच फोनमध्ये शिरलं आहे. मोसंबीच्या बागेचे फोटो व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर जातात. ई-पीक पाहणी बांधावर उभं राहून मोबाईलवर होते. सळया भरून निघालेल्या ट्रकचं ई-वे बिल ऑनलाइन निघतं. चहाच्या टपरीवरचे दहा रुपयेही कोड स्कॅन करून दिले जातात.

याच जिल्ह्याने या फोनची दुसरी ताकदही पाहिली. २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, तेव्हा हे गाव कुठे आहे हे राज्यात फार थोड्यांना ठाऊक होतं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, दगडफेकीत पोलीसही जखमी झाले, आणि ती दृश्यं बघता बघता महाराष्ट्रभर पसरली. काही दिवसांतच तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल क्षमा मागितली. फोनमधली ती दृश्यं नसती, तर हे इतक्या लवकर घडलं नसतं.

तोच फोन आगही लावतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावात, आमदार प्रकाश सोळंके यांचं घर पेटवलं गेलं. त्याआधी या आंदोलनाबद्दलची त्यांची एक ध्वनिफीत फिरत होती. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तर १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. अशा घटनांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. हा उपाय अफवेच्या वाटेवर होता. सगळ्यांच्या कामाच्या वाटेवर नव्हता.

सरकारचा उपाय मात्र वेगळा असतो. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी आंदोलन पुन्हा चिघळलं, एसटी बस जाळली गेली, अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालं. बंदी काही तासांची होती, हे खरं. पण ज्याचा माल उतरलेला आहे, ज्याच्या परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख आहे, त्याला एक दिवससुद्धा फार महाग पडतो. शिवाय नेट गेल्याने अफवा संपत नाही, ती तोंडी फिरते. तिला खोटं ठरवणारी खरी बातमी तेवढी अडून राहते. गावोगावी माईक घेऊन फिरणारा, यूट्यूबवर बातमी देणारा पत्रकारही त्याच वेळी गप्प होतो, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं आहे की, इंटरनेट बंदीचा आदेश जाहीर केला पाहिजे, बंदी गरजेपुरतीच असली पाहिजे आणि ती बेमुदत चालणार नाही. सरकारकडे आणि जालन्याच्या प्रशासनाकडे मागणी एवढीच आहे. पुढच्या वेळी आदेश निघालाच, तर तो कारणासह आणि वेळेसह आधी लोकांच्या हाती द्यावा, बंदी एखाद्या तालुक्यापुरती भागत असेल तर जिल्हा वेठीला धरू नये, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने दर तासाला खरी परिस्थिती स्वतः सांगावी.